सकाळचा रस: घेण्याआधी काय तपासावं, सोडायचा तर कसा सोडावा

नवीन माणूस सल्ल्याला आला की मी आधी त्याचं दिवसभराचं खाणं लिहून घेते. पूर्वी या यादीची सुरुवात चहा-बिस्किटाने व्हायची. हल्ली ती "सकाळी उठल्यावर आधी रस घेतो, मॅडम" इथून होते, आणि सांगताना चेहरा गृहपाठ पूर्ण करून आलेल्या मुलासारखा असतो. कुणी गाजर-बीट-सफरचंद, कुणी दुधी, कुणी कारलं-आवळा, कुणी गव्हांकुर. घरी काढायचा कंटाळा असेल तर बागेच्या फाटकाबाहेर स्टीलच्या डब्यांतून मिळतोच. चालून झालं की उभ्याउभ्या प्यायचा आणि घरी जाऊन पोहे.

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशकात काम करते. रसाशी माझं वैर नाही. पण लोक रस घेतात ते वजन उतरावं, साखर आटोक्यात यावी आणि पोट साफ व्हावं म्हणून, आणि नेमक्या या तिन्ही कामांत तो कच्चा आहे. शिवाय काही जणांना तो चक्क बाधतो. त्यामुळे आधी तुमचा पेला मोजा, मग गोळ्यांचा डबा आणि रिपोर्टांची फाइल काढा, आणि मग ठरवा.

पेला मोजा

एखाद्या रविवारी, घाई नसताना हे करा. एक मध्यम सफरचंद, दोन गाजरं आणि एक लहान बीट घ्या. हाच तो सध्याचा लाडका एबीसी ज्यूस. सगळं मिळून सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरेल. ज्यूसरमधून काढा. पुढे गर्द लाल रसाचा एक पेला येईल आणि मागच्या डब्यात चोथा जमेल.

आता पेला बाजूला ठेवा आणि त्या चोथ्यात हात घाला. मुठीत दाबून बघा. ओलसर, भुसभुशीत लागतो, मध्येमध्ये सफरचंदाच्या सालीचे कपटे दिसतात, बोटं लाल होतात. या सगळ्या फळ-भाज्यांत मिळून दहा-अकरा ग्रॅम तंतू होते आणि त्यातले बहुतेक सगळे आता तुमच्या मुठीत आहेत. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात. म्हणजे दिवसभराच्या गरजेचा तिसरा हिस्सा सकाळी सात वाजताच ओल्या कचऱ्याच्या बादलीत जाणार. पेल्यात काय राहिलं? पाणी, रंग, काही जीवनसत्त्वं, पोटॅशियम आणि साधारण २५ ग्रॅम साखर. चहाच्या चमच्याने पाच चमचे.

इथे हमखास प्रश्न येतो, "पण ताई, ती नैसर्गिक साखर ना?" नैसर्गिक आहेच. ऊसही निसर्गातच उगवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवली आहे. अख्ख्या फळातली साखर मात्र त्यातून वगळली आहे. ही मोकळी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमल्यास ५ टक्क्यांवर आणा, असं त्या सूचना सांगतात. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. आपला पेला तिथेच भरला, चहा अजून व्हायचाय.

एबीसीमध्ये निदान गाजर असतं. संत्र्या-मोसंबीच्या रसात दर १०० मिलीलिटरला साधारण ८ ग्रॅम साखर असते, डाळिंबाच्या रसात १२-१३, द्राक्षाच्या रसात १४ च्या घरात. उसाच्या रसात १३ ते १५ ग्रॅम, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत दिलं आहे. रसवंतीवरचा मोठा ग्लास म्हणजे किती झालं, हिशेब तुम्हीच करा. उन्हाळ्यात कधीतरी मजा म्हणून प्या, मला काही म्हणायचं नाही. वजन उतरवण्यासाठी पितो म्हणालात की मग बोलावं लागतं.

फळ तेच, मग फरक कशाने पडतो?

वेळेने. आणि फळाच्या पेशी फुटण्याने. मोसंब सोलायचं, शिरा काढायच्या, एकेक फोड चावायची, यात पाच-सात मिनिटं जातात. एका पेल्याला तीन-चार मोसंबी लागतात. तेवढी एका बैठकीत कोण खातो? रस मात्र अर्ध्या मिनिटात संपतो.

१९७७ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा, पण फार बोलका प्रयोग छापून आला होता. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, गर करून आणि रस काढून. कर्बोदकं तिन्हीत सारखीच. रस अख्ख्या सफरचंदाच्या अकरा पट वेगाने संपला. पोट भरल्यासारखं वाटलं ते अख्ख्यानेच सगळ्यात जास्त. रसानंतर इन्शुलिन जास्त चढलं आणि मग रक्तातली साखर घसरली. रस पिऊन तासाभरात "काहीतरी खावंसं वाटतंय" असं होतं, ते उगीच नाही. २००९ साली अमेरिकेत याच्यासारखाच प्रयोग झाला: दुपारच्या जेवणाआधी काहींना सफरचंद दिलं, काहींना रस. ज्यांनी सफरचंद खाल्लं त्यांचं, त्या सफरचंदाचे उष्मांक धरूनही, एकूण खाणं काहीच न घेणाऱ्यांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी भरलं. रसाने ते साधलं नाही.

मधुमेह असलेल्यांना हे मी दुसऱ्या बाजूने सांगते. गोळ्यांमुळे किंवा इन्शुलिनमुळे साखर ७० च्या खाली गेली, हात कापायला लागले, दरदरून घाम आला, तर आम्ही काय द्यायला सांगतो? तीन चमचे साखर पाण्यात घालून किंवा अर्धा पेला गोड फळाचा रस. पंधरा मिनिटांत साखर वर यावी म्हणून. साखर झटपट चढवायला जे आम्ही देतो, तेच तुम्ही साखर उतरावी म्हणून उपाशीपोटी घेता आहात.

२०१३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १ लाख ८७ हजार लोकांच्या नोंदी तपासून एक अभ्यास आला. अख्खी फळं, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेहाचं प्रमाण कमी आढळलं आणि रस जास्त पिणाऱ्यांत जास्त. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. पण त्यात द्राक्षांचं नाव चांगल्या बाजूला आलं, एवढं नाशिककरांनी जरूर लक्षात ठेवावं. मधुमेह असेल तर मूठभर, घडच्या घड नव्हे.

पोट साफ होण्याचं काय? सफरचंदाच्या रसात सॉर्बिटॉल नावाचा पदार्थ असतो, त्याने कधी पोट ढिलं होतं. पण रोजच्या बद्धकोष्ठाला जे लागतं ते मागच्या डब्यात पडलेलं आहे.

"पण माझं तीन किलो उतरलं!"

उतरलं असेल. तीन दिवस नुसते रस, सात दिवस नुसते रस, असे 'डिटॉक्स' करणारे काट्यावरचा आकडा दाखवायला आवर्जून येतात. तो आकडा खोटा नसतो, पण त्यात उतरलेली चरबी थोडीच असते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं तोडलं की पहिल्या काही दिवसांत हा साठा संपतो आणि पाणी लघवीवाटे जातं. दीड-दोन किलो तिथेच गेले. आतडीही रिकामी झालेली असतात. दोन दिवस पोळी-भाजी खाल्ली की हे सगळं परत येतं, आणि लोक म्हणतात पोळीने वजन वाढलं. बिचारी पोळी!

चरबीबरोबर स्नायूही जातात, ते वेगळंच. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. रसाच्या एका पेल्यात दोन-तीन ग्रॅम मिळाली तरी खूप. दिवसभर रसच पिणारा माणूस दहा-बारा ग्रॅमवर भागवतो आणि उरलेली गरज शरीर स्वतःच्या स्नायूंतून पुरवतं. अशा उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, तेव्हा कुणाला रस आठवत नाही. शाम्पू बदलला जातो. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांत पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

शरीरातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज, न सांगता करत असतात. त्यांना रस लागत नाही. उलट काही वेळा रसच त्यांच्या मुळावर येतो.

गोळ्यांचा डबा आणि रिपोर्टांची फाइल

हा भाग घाईत वाचू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी वाचत असाल तर त्यांच्या शेजारी बसून वाचा.

*रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.* वॉर्फरिन किंवा असेनोकौमारॉल चालू असेल, बहुधा हृदयाची झडप बदललेली असेल किंवा पायात गुठळी झाली असेल, तर पालक, गव्हांकुर, कोथिंबीर असे हिरवे रस अचानक सुरू करू नका. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते या गोळ्यांच्या विरुद्ध काम करतं. आठवड्यातून दोनदा पालेभाजी खाणं वेगळं आणि रोज जुडीभर पालक पिणं वेगळं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा रिपोर्टातला आकडा, बिघडतो आणि गुठळीचा धोका वाढतो. एकदम बंद करणंही तितकंच वाईट, कारण गोळीचा डोस कदाचित त्या रसाच्या हिशेबाने लावलेला असेल. आधी डॉक्टरांना सांगा.

*मूत्रपिंडाचा त्रास.* क्रिएटिनीन वाढलेलं असेल तर शहाळं, मोसंबी-संत्र्याचा रस, टोमॅटोचा रस हे सगळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नारळपाण्यात दर १०० मिलीलिटरला अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. अशक्त मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तातलं पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकतं. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायची आपली रीत आहे. डायलिसिसवरच्या माणसाकडे जाताना ती मोडा. आणि स्टारफ्रूट, गोव्या-कोकणातलं करंबळ, मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाने चाखूही नये. त्यातल्या विषारी द्रव्याने न थांबणारी उचकी, भ्रम, झटके इथपर्यंत जाऊ शकतं.

*मुतखडा होऊन गेलाय?* पालक आणि बीट यांत ऑक्सलेट भरपूर असतं. ते लघवीत उतरलं आणि कॅल्शियमशी बांधलं गेलं की खडे होतात. रसात अडचण ही की दोन जुड्या पालक एका पेल्यात मावतो, कच्चा असतो आणि रिकाम्या पोटी जातो. आपल्याकडची ताकातली पालकाची भाजी आठवा. ताकातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरतं, ते रक्तात जायच्या आधी शौचावाटे निघून जातं. आपल्या आज्यांनी हे रसायनशास्त्र शिकून केलं असं मी म्हणणार नाही, पण भाजी शहाणी आहे. केरळमध्ये कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून बिलिंबीचा, म्हणजे गोव्याकडच्या बिंबलीचा, घट्ट रस पिऊन मूत्रपिंडं अचानक बंद पडलेल्या दहा रुग्णांची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. कारण ऑक्सलेटच. चटणीत, आमटीत दोन बिंबल्या टाकणाऱ्यांना यातलं काही होत नाही.

*मधुमेहाच्या गोळ्या आणि कारल्याचा रस.* त्याने साखर किती उतरेल याचा भरवसा नाही. कुणाची ढिम्म हलत नाही आणि कुणाची ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर मिळून नको इतकी खाली येते. मोजून देता येत नाही ते औषध म्हणून घेऊ नये. कारल्याच्या काचऱ्या करा, दुप्पट खा.

*अमेरिकेत मुलांकडे राहायला जाणाऱ्यांसाठी.* तिथे सकाळी ग्रेपफ्रूटचा रस सहज पुढ्यात येतो. एटॉरव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मूत्रपिंड बदलल्यावर घ्यायच्या गोळ्या यांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं, कारण गोळी मोडणारं आतड्यातलं एन्झाइम तो रस अडवून ठेवतो. आपलं पपनस ग्रेपफ्रूटच्याच कुळातलं, किंबहुना त्याचं पूर्वज. गणपतीत प्रसादाची फोड खायला हरकत नाही. अशा गोळ्या चालू असतील तर पेलाभर रस नको.

जाता जाता एक. बीटाचा रस घेतल्यावर लघवी गुलाबी दिसली तर लगेच घाबरू नका, काहींना ते होतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी रात्री अकरा वाजता घर डोक्यावर घेतलं होतं. बीट बंद करून दोन दिवसांनीही रंग राहिला तर मात्र तपासून घ्या.

दुधी: चाखल्याशिवाय अजिबात नाही

हृदयाला चांगला म्हणून दुधीचा रस पिणारे घरोघरी आहेत. दुधी, काकडी, भोपळा, कारलं हे सगळे एका कुळातले आणि या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. लागवडीच्या दुधीत ती नगण्य असतात, पण एखादं फळ कडू निघतं. बाहेरून ओळखता येत नाही. कडू दुधीचा रस पोटात गेला की थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत जातं. यावर उतारा म्हणावा असं औषध नाही. सलाइन आणि आधाराचे उपचार एवढंच हाती असतं. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा मृत्यू झाल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. २०१८ मध्ये पुण्यातही असा मृत्यू झाल्याच्या बातम्या होत्या.

भाजीत हे का होत नाही? कारण कडू दुधीच्या भाजीचा पहिला घास तोंडात गेला की माणूस थू करतो आणि पातेलं तसंच बाजूला जातं. रसात दुधीबरोबर कारलं असतं, आवळा, आलं, पुदिना, लिंबू असतं. चव कळतच नाही. कळली तरी "कडू ते औषधी" या समजुतीने नाक दाबून प्यायची आपल्याला सवय. जिभेने दिलेला इशारा आपण धीराने गिळतो.

तरीही घ्यायचाच असेल तर आधी दुधीच्या दोन्ही टोकांचा एकेक कच्चा तुकडा चाखा. काकडी चिरताना आपण डेखाकडची चकती चाखतोच, तसंच. जराही कडवट लागला तर थुंका, चूळ भरा आणि अख्खा दुधी फेका. शिजवून, मीठ लावून, पिळून तो सुधारत नाही. रसात दुसरं काही मिसळू नका. प्यायल्यावर मळमळ सुरू झाली तर लिंबूपाणी करत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा आणि "दुधीचा रस प्यायलोय" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. बाहेरच्या डब्यातला दुधीचा रस कुणीच पिऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातला प्रत्येक दुधी चाखला होता का, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

विकतचा रस

गाडीवरच्या रसाबद्दल थोडक्यात. फळ धुतलेलं पाणी, गाळणीचं फडकं, आणि बर्फ. विषमज्वर आणि कावीळ याच वाटेने येतात. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, पण बर्फ वितळून रसात मिसळला की रंग कोण बघतो? बिनबर्फाचा आणि डोळ्यांसमोर काढलेला, एवढी अट तरी घाला. गरोदर बायका आणि केमोथेरपी चालू असलेले यांनी तोही नको.

खोक्यातल्या रसावर पूर्वी '१०० टक्के फळांचा रस' असं छापलेलं असायचं. आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या पेयांवरून हा दावा काढून टाका, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिला. पुढची बाजू सोडा, मागचा बारीक छापलेला तक्ता वाचा.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला रस देऊ नये, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची अकादमी २०१७ पासून सांगते. "मोसंबीचा रस दे गं थोडा" म्हणणाऱ्या सासूबाई घरोघरी असतात. त्यांच्याशी भांडू नका, मोसंबीची फोड सोलून, बी काढून, गर कुस्करून भरवा. त्यांचंही मन राहतं.

आता सोडायचा कसा

रस सोडताना लोकांची चूक अशी होते की ते पेला बंद करतात आणि त्यातल्या भाज्याही बंद होतात. भाजी आणायची सवय लागली आहे ना, ती तशीच चालू ठेवा. फक्त ज्यूसरच्या जागी किसणी आणि सुरी.

गाजर-बीट किसणीच्या मोठ्या भोकांनी किसा. बारीक किसलं तर पाणी सुटतं आणि दुपारपर्यंत कोशिंबिरीचं सार होतं. दाण्याचं कूट दोन चमचे, लिंबू, कोथिंबीर. लहान कढल्यात चमचाभर तेल, मोहरी तडतडली की हिंग आणि हिरवी मिरची, ती फोडणी वरून. मीठ अगदी पानावर बसताना. ही फोडणी चवीपुरती नाही: गाजरातलं बीटा कॅरोटीन शरीरात शोषलं जायला थोडं स्निग्ध लागतं. उपाशीपोटी घेतलेल्या नुसत्या रसात ते नसतं. डब्यात न्यायची असेल तर मीठ पुडीत बांधून न्या.

पालकाची ताकातली भाजी वर आलीच आहे. दुधी किसून थालीपिठाच्या भाजणीत, आवळा किसून हळद-मीठ लावून. आंबट-तुरट लागतो आणि जेवणाबरोबर चमचाभर पुरतो. आवळ्या-लिंबाचे रस दातांवरचं आवरणही झिजवतात, हा त्यांचा आणखी एक तोटा. ते घेतलेच तर लगेच ब्रश करू नका, अर्धा तास थांबा.

फळ सकाळी न्याहारीबरोबर किंवा चार वाजता. माझी पहिली पसंती पेरू. पेरूत संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असतं, १०० ग्रॅमला पाच ग्रॅम तंतू असतात आणि चावावा लागतो हे सगळ्यात महत्त्वाचं. संत्रं खाल्लंत तर फोडीची पांढरी साल फार सोलत बसू नका.

चालून आल्यावर खरं तर तहान लागलेली असते. पाणी प्या. मग काही हवंच असेल तर पातळ ताक, साखर न घातलेलं कोकम, किंवा मुगाचं कढण. कढणाने प्रथिनंही मिळतात. सोलकढी चालेल, पण ओल्या नारळाचं दूध आहे हे लक्षात ठेवा, वाटीभरच.

उपासाच्या दिवशी "आज फक्त रसावर" असा बेत असेल तर त्याऐवजी फळं, ताक आणि मूठभर दाणे ठेवा. नाहीतर संध्याकाळी साबुदाणावड्यांवर तुटून पडायची वेळ येते आणि एकादशी-दुप्पट खाशी होतं.

मिक्सरमध्ये अख्खं फळ फिरवून केलेली स्मूदी चालेल का? रसापेक्षा बरी, कारण तंतू त्यातच राहतात. त्यात दही घाला, साखर-मध-खजूर घालू नका आणि चमच्याने खा. हो, चमच्याने. केळ्याचं शिकरण आपण पीत नाही.

कुणी रस घ्यावा

तोंड सोललेलं आहे, दातांची शस्त्रक्रिया झाली आहे, आजारपणात घास जात नाही, साखर अचानक उतरली आहे. अशांना रस उपयोगी आहे आणि तिथे मी तो स्वतः लिहून देते, मात्र सोबत दूध, अंडं किंवा डाळीचं पाणी असं प्रथिनांचंही काही. बाकी निरोगी माणसाने आठवड्यातून एकदा, लहान पेला, जेवणाबरोबर घेतला तर काही बिघडत नाही. घरी काढला तर चोथा टाकू नका. कणकेत मळून त्याचे पराठे होतात, थालीपिठातही खपतो. सफरचंदाचा चोथा काळा पडतो, पण चवीला ठीक असतो; दालचिनी घालून शिऱ्यात ढकलता येतो.

राहिलं यंत्र. जुना, मिक्सरबरोबर आलेला ज्यूसरचा जोड असेल तर तो माळ्यावर टाका, मिक्सर चटणीला आहेच. कोल्ड प्रेसवाल्या महागड्या यंत्राचं काय करायचं, असं मला फार लोक विचारतात. त्याच्या काही मॉडेलांबरोबर एक बिनभोकाची जाळी येते, ती लावून गोठवलेली केळी आणि आंब्याच्या फोडी घातल्या तर तंतूंसकट छान आइस्क्रीम होतं. तुमच्या यंत्राबरोबर ती आली नसेल तर ते वापरलेल्या वस्तू विकायच्या ॲपवर टाका. डिसेंबरच्या शेवटी टाका. नव्या वर्षाच्या संकल्पवाल्यांचं गिऱ्हाईक तेव्हाच मिळतं.